आकाशपाळण्याचा कौल

आमच्या माणसांना तेहेतीस कोटी देव कमी पडले, म्हणून त्यांनी तुमकूर रस्त्यावरच्या एका आकाशपाळण्याला देव केलं. त्याला ते कौल लावायचे, त्याच्यापुढे नारळ फोडायचे, आणि तो बंद होणार म्हटल्यावर त्यांनी घरात सुतक पडल्यासारखी तोंडं केली. मी या सगळ्याची साक्षीदार आहे आणि मला त्यांच्यातल्या कुणाचीही दया येत नाही. एका व्यक्तीची येते, पण तिला दया केलेली आवडत नाही.

आमची माणसं म्हणजे बेंगळुरातली जुनी मराठी घरं. कोणे एके काळी फौजेबरोबर आलेली आणि परत जायचं विसरलेली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. नोकऱ्या बँकांत, कचेऱ्यांत, शाळांत. लग्नं मात्र आपसातच, त्यामुळे कोण कुणाचं काय लागतं हे सांगताना एका माणसाला तीन-तीन नाती निघायची.

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम पूर्वी घरीच व्हायचा. आमची घरं चिक्कपेटेतल्या गल्ल्यांत, एकाची खिडकी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उघडणारी. पाहुणे आले की अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि नकार आला की तो मुलीच्या आईच्या आधी गल्लीला कळायचा. म्हणून कुणीतरी टूम काढली की बाहेर भेटावं. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या पलीकडे एका कारखानदारानं हौसेनं उद्यान काढलं होतं. भूतबंगला, आरशांची खोली, छोटी आगगाडी, उसाच्या रसाचं दुकान आणि मधोमध आकाशपाळणा. तिथे चार माणसं इकडची, चार माणसं तिकडची उभी राहिली तर कुणाला संशय येत नसे. फिसकटलं तर सांगता यायचं की आम्ही आपले सहज फिरायला गेलो होतो.

एकदा अशाच एका जोडीला, जरा बोलू द्या म्हणून, पाळण्याच्या डब्यात बसवलं. डबा वर गेला आणि वीज गेली. दोघं बराच वेळ वर लटकून राहिली आणि खाली दोन्ही घरची माणसं माना वर करून उभी. वीज आली, डबा खाली आला, मुलगा आधी उतरला आणि त्यानं डब्याचं लोखंडी दार मुलीसाठी धरून ठेवलं. पुढच्याच महिन्यात त्यांचं लग्न झालं. आता त्या बिचाऱ्यानं दार का धरलं असेल? दार आपोआप मिटायचं, बोटं चेमटायची, म्हणून धरलं असेल. पण आमच्या माणसांनी त्यात शकुन पाहिला, आणि एकदा शकुन पाहिला की आमच्यात त्याचा नियम व्हायला वेळ लागत नाही.

नियम असा झाला. मुलीकडची माणसं रसाच्या दुकानापाशी उभी राहणार, मुलाकडची भूतबंगल्यापाशी. मुलगा-मुलगी डब्यात बसणार. पाळणेवाल्यालाही सगळं ठाऊक झालं होतं. डबा वर गेला की तो थोडा वेळ थांबवायचा, आणि खाली आल्यावर स्वतः दाराला हात न लावता बाजूला उभा राहायचा. मुलगा उतरला आणि त्यानं दार धरलं, तर होकार. दार सोडून चालायला लागला, तर नकार. मग दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे न बघता दोन वेगळ्या फाटकांनी निघून जायचं. पुन्हा विचारणा नाही, निरोप नाही. याला आमच्यात सभ्यता म्हणत. कुणाची मुलगी बघून झाली असं कळलं की बायका एकमेकींना एकच विचारायच्या, “दार धरलं का?”

ज्यांचं तिथे जमलं त्यांचं पुढे एक मंडळच झालं, आणि माझे वडील, अप्पा, त्याचे प्रमुख. अप्पांचं स्वतःचं लग्न पाळणा उभा राहायच्या कितीतरी आधीचं. पण त्या पहिल्या जोडीतला मुलगा त्यांचा पुतण्या होता, आणि पाळण्यात बसवायची कल्पना आपलीच, असं त्यांचं म्हणणं होतं. दर वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, मंडळी तिथे जमायची. पाळण्याला झेंडूच्या माळा, डब्यांना कुंकवाची बोटं, समोर कोहळा फोडायचा. मग जमलेली जोडपी पोराबाळांसकट एकेक फेरी मारायची आणि खाली उतरून चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, खायची.

यांना त्या पाळण्यातला कुठलाही बदल खपत नसे. डब्यांचा निळा रंग जाऊन लाल आला, तर मंडळी वर्षभर हळहळली. लाकडी बाकं काढून फायबरची बसवली, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “आमच्या वेळची ऊब गेली.” त्याच बाकांच्या ढलप्यांनी त्यांची लग्नाआधीची जरीची साडी फाटली होती, हे त्या सोयीनं विसरल्या. पाळणा फिरताना करकरायचा. उद्यानवाल्यांनी तेलपाणी करून करकर घालवली, तर अप्पा दोन दिवस जेवताना गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “त्याचा आवाजच नेला मेल्यांनी.” आई वाढता वाढता म्हणाली, “मग मी करकरू का?” घरात विनोद करणारी ती एकटीच होती.

आणि हे सगळे शपथेवर सांगायचे की पाळण्याचा कौल कधी चुकत नाही. कसा चुकेल? ज्यांचं जमलं ते दर वर्षी यायचे, फोटो काढायचे, पोरांना दाखवायचे. ज्यांचं फिसकटलं ते कशाला तिथे तोंड दाखवायला येतील? नापास झालेल्यांमधलं एकच माणूस दर वर्षी तिथे हजर असायचं. ती माझी अक्का. तीही चित्रान्न करायला आणि वाढायला.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सावळी, अंगानं किडकिडीत, दात किंचित पुढे. हसायची फार, आणि हसताना तोंडावर हात धरायची. पीण्यातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती. तिच्या खिडकीतून कारखान्यांच्या पत्र्यांवरून पाळण्याचा वरचा अर्धा भाग दिसायचा, म्हणजे तिथे काम करताना तिला रोज त्याचं दर्शन घडायचं. अक्काला लग्न करायचं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे लोक म्हणायला लागले की तिलाच नको होतं. तिला हवं होतं. स्वतःचं घर, स्वतःचं स्वयंपाकघर, आणि संध्याकाळी ज्याच्याशी बोलावं असं एक माणूस. एवढंच तिला हवं होतं आणि ते तिनं मला कैकदा सांगितलं होतं.

पहिल्या मुलानं डबा वर गेल्यावर घर कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. दुसऱ्यानं बसल्या बसल्या डोळे मिटले ते खाली येईपर्यंत उघडले नाहीत, आणि खाली येऊन दार सोडून दिलं. न बघताच नापसंत. तिसऱ्यानं तिला आधी हस म्हणून सांगितलं, मग तोंड मीट म्हणून सांगितलं. दात बाजूनं कसे दिसतात ते त्याला बघायचं होतं. त्यानं सोडलेलं दार अक्काच्या कोपरावर आपटलं. चांगला काळानिळा वळ उठला. आईनं घरी आल्यावर त्यावर खोबरेल चोळलं. अप्पा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “पुढच्या वेळी लांब बाह्यांचं पोलकं घालू दे तिला.”

पुढची वेळ नव्वद सालच्या सुरुवातीला आली. मुलगा म्हैसूरचा, कॉलेजात शिकवणारा. मी तेव्हा कॉलेजात होते आणि पहिल्यांदाच मला बरोबर नेलं होतं. रसाच्या दुकानापाशी आम्ही तिघं उभे. मला आठवतंय, तो डब्यात चढताना पाळणेवाल्याच्या खांद्याला धरून चढला आणि अप्पा म्हणाले, “नाजूक दिसतोय.” डबा वर गेला, थांबला. वर काय झालं ते खालून दिसत नाही. पण मला अक्काचं हसणं ऐकू आलं. एवढ्या उंचीवरून, भूतबंगल्यातली किंकाळ्यांची टेप चालू असतानाही ते खाली ऐकू आलं.

वर काय झालं ते तिनं मला त्याच रात्री सांगितलं. तो घामानं भिजला होता. म्हणाला, “खरं सांगतो, मला उंचीची भीती वाटते. घरी सांगितलं तर म्हणाले, असं सांगायचं नसतं, गुमान बस. तुम्ही खाली कुणाला बोलू नका.” अक्का म्हणाली, “मग खाली बघू नका, माझ्याकडे बघा.” त्यानं बघितलं. मग ती हसली, आणि तोंडावर हात धरायला विसरली. तो म्हणाला, “माझ्याकडून हो. तुमचं?” ती म्हणाली, “माझंही हो.” चार वाक्यांत जन्माचं काम झालं होतं.

डबा खाली आला. तो उतरला, किंवा उतरला म्हणण्यापेक्षा बाहेर पडला, आणि तोंडावर रुमाल दाबून भूतबंगल्याच्या दिशेनं पळत सुटला. दार धाडकन मिटलं. अक्का आतच. पाळणेवाल्यानं दार उघडून तिला उतरवून घेतलं. मी अप्पांकडे बघितलं, तर ते फाटकाकडे वळलेसुद्धा होते. “चला,” ते म्हणाले. आई म्हणाली, “स्वल्प थांबू या की हो. मुलगा का पळाला ते तरी बघू या.” अप्पा म्हणाले, “पळाला हे दिसलं ना? का ते बघून काय करायचंय?” आणि आम्ही आमच्या फाटकानं बाहेर पडलो. अक्का मागे वळून वळून बघत होती. अप्पांनी तिच्या दंडाला धरलं होतं.

ऑटोत बसल्यावर अक्का म्हणाली, “अप्पा, तो हो म्हणालाय.”

“वर सगळेच हो म्हणतात. जीव मुठीत असला की माणूस कशालाही हो म्हणतो. दार धरलं का?”

“त्याला मळमळत होतं, अप्पा.”

“मुलगी बघून मळमळलं? हे तर आणखी वाईट.”

ऑटोवाला आमचाच, म्हणजे मराठी समजणारा निघाला. तो हसला. अप्पांनाही आपलं वाक्य आवडलं असावं, कारण पुढे ते त्यांनी मंडळात दोन-तीनदा ऐकवलं. आई त्या रात्री परत म्हणाली, “एकदा विचारून तरी बघू. मध्यस्थ बाई आहेत की.” अप्पा म्हणाले, “आपण मुलीकडचे. नकारानंतर विचारायला गेलो, तर मुलगी जड झाली म्हणतील. आणि नियम मोडायचा तर मीच मोडायचा? मंडळात काय तोंड दाखवू?” हे मंडळ म्हणजे वर्षातून एकदा भात खाणारी माणसं. त्यांना तोंड दाखवता यावं म्हणून माझ्या बहिणीचं लग्न मोडलं.

अक्कानं स्वतःच का नाही म्हैसूर गाठलं, असं माझा नवरा मला विचारतो. त्याला ती घरं माहीत नाहीत. तिला त्याच्या कॉलेजचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. मध्यस्थ बाईंना मी गुपचूप जाऊन भेटले, तर त्या म्हणाल्या, “दार धरलं नाही असं तुझे अप्पाच म्हणतायत. मग मी कुठल्या तोंडानं बोलू?” अक्का वाट बघत राहिली. दारावर कुणी आलं की आधी तिची बांगडी वाजायची, मग आईची. वर्षभरानं कळलं की त्याचं लग्न झालं, मुलगी बेळगावची. अप्पा म्हणाले, “बघ. मी म्हटलं नव्हतं?”

त्यानंतर अप्पांनी तिच्यासाठी स्थळं बघणं सोडलं. चारदा कौल लावला, चारदा देव नाही म्हणाला, आता देवाला किती छळायचं, असा त्यांचा हिशेब. नातेवाईकांना मात्र ते सांगायचे, “तिचंच मन नाही.” अक्का हे ऐकायची आणि कुकरची शिट्टी नीट बसवायची. दर आयुधपूजेला पहाटे उठून पातेलंभर चित्रान्न करायची, कढीपत्ता वेगळ्या पुडीत न्यायची, आणि पाळण्यातून हसत उतरणाऱ्या जोडप्यांच्या पानांवर वाढायची. “अक्काच्या हाताला चव आहे हां,” असं त्या बायका म्हणायच्या. पुढे म्हणायच्या, “ज्याला मिळेल तो भाग्यवान,” आणि मग जीभ चावायच्या. जीभ चावण्याआधी त्या तिच्याकडे बघून घ्यायच्या.

माझी पाळी आली तेव्हा मी पाळण्यात बसायला साफ नकार दिला आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या ऑफिसमधल्या एका पुण्याच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. अप्पांनी त्याला पाळण्याची सगळी महती ऐकवली. तो म्हणाला, “सीरियसली? जायंट व्हीलवर लग्न ठरवता तुम्ही?” अप्पांनी त्याच्याशी सहा महिने अबोला धरला. तेव्हा शहरात पुण्या-मुंबईची अशी पोरं लोंढ्यानं येत होती, आणि अप्पांच्या मते शहराचं जे काही बिघडलं ते यांच्यामुळे. कोरमंगलात आम्ही भाड्यानं घर घेतलं, तर ते बघायला आले आणि नुसता नळ सोडून, पाणी येतं का तेवढं बघून गेले.

या पोरांमुळेच पाळणा बंद होतोय, हेही अप्पांनीच शोधून काढलं. दशक संपत आलं तेव्हा उद्यान दुसऱ्यांच्या हातात गेलं होतं. नव्या मालकांनी भूतबंगला पाडला, आरसे विकले, आता पाळणा काढून तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव करणार होते. मंडळाचं शिष्टमंडळ मॅनेजरला भेटायला गेलं. मॅनेजर तिशीचा, टाय लावलेला, हिंदीत बोलणारा. अप्पा आपल्या हिंदीत म्हणाले, “यहाँ शादियाँ जमी हैं!” तो म्हणाला, “अंकल, शादी के लिए हॉल होता है.” शिष्टमंडळातल्या एका काकांनी विचारलं की मग आमच्या मुली काय पोहायच्या कपड्यांत दाखवायच्या? मॅनेजरनं खांदे उडवले. म्हणाला, तुम्ही वर्षातून एकदा येता, ते पण जेवणाचे डबे घेऊन येता. त्याचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि म्हणूनच अप्पा ते कधी विसरले नाहीत.

शेवटच्या रविवारी मंडळींना पूजेची परवानगी मिळाली. निरोप म्हैसूर-हुबळीपर्यंत गेले होते, गर्दी तोबा. मी अक्काच्या मदतीला गेले होते. आई तोपर्यंत गेली होती. आपल्या मुलीला चारही मुलांनी नाकारलं, हेच मनात घेऊन ती गेली. अप्पांनी नवं धोतर नेसलं होतं. माळा झाल्या, आरती झाली, कोहळा फुटला. बायका डब्यांना हात लावून डोळ्यांना लावत होत्या. एका गृहस्थांनी खिशातून पान्हा काढून एका डब्याचा नंबराचा बिल्ला काढून घेतला, तर बाकीचे त्यांच्यावर तुटून पडले. चोरी केली म्हणून नव्हे, त्यांच्या लग्नाचा डबा तो नव्हता म्हणून. मॅनेजरनं अप्पांना प्रमुख म्हणून एक मोठा बोल्ट भेट दिला. त्यांनी तो रुमालात गुंडाळून छातीशी धरला.

मग आठवणी सांगायचा कार्यक्रम. प्रत्येकानं उठून आपली हकिगत सांगायची. सगळ्या हकिगती सारख्याच होत्या: वारा होता, मी घाबरले, हे म्हणाले, दार धरलं, टाळ्या. अक्का आणि मी मागे पातेल्यांपाशी उभ्या होतो. तेवढ्यात एक पोट सुटलेला, अर्धं टक्कल पडलेला माणूस उठला. शेजारी बायको, दोन मुलं. मी त्याला ओळखलं नाही. अक्कानं ओळखलं असावं, कारण तिच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर वाजला.

“माझं इथे जमलं नाही,” तो म्हणाला, “तरी यावंसं वाटलं. पोरांना म्हटलं, बापाची फजिती कुठे झाली ते दाखवतो.” लोक हसायला लागले. सांगण्याची हातोटी होती त्याची, रोज वर्गावर बोलणारा माणूस. म्हणाला, “मला उंचीची भीती. खाली आलो तो थेट भूतबंगल्याच्या मागे. तिथे एक भूत बिडी ओढत बसलं होतं, त्याच्या पायावरच सगळं ओकलो! भूत किंचाळलं!” हशा. “तोंड धुऊन येतो, तर मुलीकडची माणसं गायब. आमच्या घरचे म्हणाले, बघ, ओकणारा नवरा कोण करणार. वर हो म्हणाली होती बिचारी. खाली आल्यावर विचार बदलला. मी दोन महिने निरोपाची वाट बघितली, मग म्हटलं, जाऊ दे, तिचं बरोबरच आहे.” त्याची बायकोही हसत होती. म्हणाली, “यांना अजून गच्चीवर चढवत नाही मी.”

अप्पा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. “अय्यो, अरे ते आम्ही!” ते ओरडले. “ती माझी मुलगी! आम्हाला वाटलं तू नको म्हणालास!” आणि ते हसले. पोट धरून हसले. त्यांनी पुढे होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि सगळं मंडळ हसलं. कुणीतरी मागून ओरडलं, “म्हणजे दोघांकडून हो होतं! म्हणजे पाळण्याचा कौल बरोबरच होता!” अप्पा म्हणाले, “तर काय! माणसं चुकली, पाळणा नाही चुकला. हेही जमलेल्यांतच धरा!” आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बहिणीचं न झालेलं लग्न त्यांनी पाळण्याच्या खात्यावर जमा करून टाकलं. आणखी एक यश. मला तिथल्या प्रत्येकाच्या तोंडावर ते गरम चित्रान्न मारावंसं वाटलं, आणि माझा हात पातेल्याकडे गेलाही होता. अक्कानं तो धरला.

पानं मांडल्यावर तो माणूस वाढून घ्यायला आला. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. हळू आवाजात म्हणाला, “मी बाहेर आलो, तर तुम्ही नव्हता.”

“मला नेलं,” अक्का म्हणाली.

तो पान धरून उभा राहिला. मागून त्याच्या धाकट्यानं शर्ट ओढला. अक्कानं त्याच्या पानावर दोन डाव भात वाढला, मुलांना विचारून शेंगदाणे जास्त घातले, आणि पुढच्या माणसाकडे वळली.

परतीची बस रिकामीच होती. मागच्या लांब बाकावर आम्ही तिघं, रिकामी पातेली पायांशी. अप्पा मध्ये. यशवंतपूर मागे पडलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी वळून बघितलं, तर ते रडत होते. आवाज न करता, नाकातून पाणी गळेपर्यंत. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या मनातलं एवढ्या वर्षांचं विष एकदम पातळ झालं. मला वाटलं, उमगलं. उशिरा का होईना, या माणसाला आपण काय केलं ते उमगलं. अक्कालाही तेच वाटलं असणार. तिनं पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला आणि पाठीवर हात ठेवला. “असू दे, अप्पा,” ती म्हणाली.

“भंगारात देणार म्हणे,” अप्पा म्हणाले. “भंगारात! एवढा चांगला पाळणा!”

अक्काचा हात त्यांच्या पाठीवरच होता. तो तिनं काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. बस दोन थांबे पुढे गेली.

“अप्पा,” ती म्हणाली, “तो हो म्हणाला होता, हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. ऑटोत.”

“हो गं, सांगितलं होतंस,” अप्पा डोळे पुसत म्हणाले. “पण आता त्याचं काय? त्याला दोन मुलं आहेत.” मग त्यांनी मांडीवरचा रुमाल उलगडला, बोल्ट उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि तिला दाखवला. “हे बघ. गंजसुद्धा नाही. अजून वीस वर्षं सहज चालला असता.”